नवव्या मात्रेवरचा हात

सांगा बरं, देशोदेशी हिंडून, तिथले आवाज पिशवीत भरून आणलेला माणूस दारात उभा राहिला, तर तुम्ही त्याला आधी काय विचाराल?

आक्कांनी विचारलं, "जेवलास का?"

रेवणचा चेहरा उतरला. कितीतरी वर्षांनी तो मिरजेला आला होता. लहानपणी तो ह्याच खोलीत आक्कांकडे गाणं शिकला. मग शिकवणी अर्ध्यात टाकून पुण्याला गेला, बँड काढला आणि वाद्यांच्या मागे जगभर फिरला.

"जेवलो, आक्का. माझा अल्बम येतोय. उद्या सकाळी. तुम्हाला ऐकवायला आलो."

"आशीर्वाद पाहिजे म्हण की."

"तसंच समजा."

तसं नव्हतं. ज्या गाण्यासाठी हा सगळा अल्बम मांडला, ते शेवटचं गाणंच उभं राहत नव्हतं. एकेक आवाज सुरात होता, तालात होता, आणि तरी ऐकणारा अर्ध्यातच घड्याळाकडे बघायचा. बँडमधले मित्र म्हणत होते, गाळून टाक. संध्याकाळपर्यंत काय ते ठरवायचं होतं. पण हे आक्कांना सांगायचं म्हणजे... रेवणच्या ओठांवर ते येईना.

"कसलं गाणं आहे?"

"सायकेडेलिक इंडी पॉप."

"मला कळेल असं सांग."

"डोळे मिटले की रंग दिसायला लागतात, तसलं."

"ताप चढल्यावर दिसतात, तसले?"

"तसलेच. पण ताप न येता."

"मग सोय झाली," आक्का म्हणाल्या. "लाव."

त्याने लॅपटॉपला स्पीकर जोडला. गाणी सुरू झाली. आक्का भिंतीला टेकून ऐकू लागल्या. आफ्रिकेतल्या मालीचं तंतुवाद्य आलं, त्यांची मान डोलली. पेरूच्या डोंगरातली बासरी आली, त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

तेवढ्यात दुपारच्या शिकवणीला बेकरीवाल्या मुमताजभाभी आणि पोस्टातून निवृत्त झालेले चौगुले काका आले. दोघं चपला काढून गुपचूप बसले.

चौगुले काका हळूच म्हणाले, "भाभी, ह्या गाण्याला व्हिसा लागत असेल."

"गप बसा हो. छान आहे," भाभी म्हणाल्या.

रेवणची छाती फुलली. मग शेवटचं गाणं लागलं.

आक्कांनी मांडीवर ताल धरला. सोळा मात्रांचं चक्र. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर टाळी, आणि नववीवर खाली. खाली म्हणजे तिथं टाळी द्यायची नसते, रिकामा तळवा नुसता वर करून सोडायचा असतो. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी आक्का हे सांगत.

नववी मात्रा आली. आक्कांचा हात वर गेला... आणि तिथंच राहिला.

गाणं पुढं निघून गेलं. हात हवेतच.

"काय झालं, आक्का?"

"हात कुठं ठेवू?"

"म्हणजे?"

"ह्या जागेवर आधीच कोणीतरी बसलंय."

रेवणला ठाऊक होतं कोण बसलंय. त्या मात्रेवर बाली बेटावरची मोठी घंटा होती. तिचा आवाज मिळवायला तो एका देवळाच्या पायऱ्यांवर दिवसच्या दिवस बसून राहिला होता. घंटेच्या मागे मोरोक्कोच्या लोखंडी चिपळ्या. त्यांच्याही मागे तुर्कस्तानातल्या एका म्हाताऱ्याचा आलाप.

"तीच तर गाण्यातली सगळ्यात भारी जागा आहे!"

"असेल."

"आक्का, हे जगासाठी केलंय. जगाला टाळी आणि खाली कळत नाही."

आक्कांनी हात मांडीवर ठेवला.

"तुम्ही कधी कोल्हापूरच्या पुढं गेलात का?"

शब्द तोंडातून गेला आणि रेवणला वाटलं, जीभ चावून घ्यावी. चौगुले काका जमिनीकडे बघू लागले...

"गेले की," आक्का शांतपणे म्हणाल्या. "निपाणीला."

मुमताजभाभींना हसू आवरेना. मग काकांना. शेवटी रेवणलाही. आणि हसता हसताच त्याच्या तोंडून खरं ते निघालं.

"आक्का, हे गाणं उभं राहत नाहीये. आज नाही राहिलं, तर गाळावं लागेल."

"हं."

"सगळं एवढं लांबून आणलंय. आता कुणाला काढू? घंटेला काढू की त्या म्हाताऱ्याला?"

"कुणालाच काढू नकोस. पाहुणे आहेत."

"मग?"

आक्कांनी तळवा पुन्हा वर केला. रिकामा.

रेवण त्या हाताकडे बघत राहिला. 

मग तो लॅपटॉपवर वाकला. घंटा, लोखंडी चिपळ्या, आलाप, बासरी, तारा, स्वतःचा गळा. कुणालाही हाकललं नाही. नवव्या मात्रेवर मात्र सगळ्यांना एकदम गप्प केलं. सगळ्या देशांना त्याने एका क्षणासाठी थांबवलं होतं, आणि ते पुन्हा निघतील की नाही, ह्याचा त्याला भरवसा नव्हता.

"लावू?"

"लाव."

गाणं निघालं. टाळी. टाळी. मालीच्या तारा चढत गेल्या, बासरी त्यांच्या वर चढली, आलाप त्याच्याही वर... नववी मात्रा आली, आणि सगळं जग थांबलं.

त्या शांततेत आक्कांचा तळवा उलटला. काकांचा उलटला. भाभींचा उलटला. आणि रेवणने पाहिलं, त्याने न सांगता त्याचा स्वतःचा हातही उलटला होता.

चक्र पुढं सरकलं, वाद्यं एकेक करून परत आली, आणि समेवर सगळी एकदम कोसळली. मुमताजभाभी "या अल्ला!" करून ओरडल्या. काकांनी रेवणच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पुढं झुकला. पुढच्या चक्राला खोलीत कुणी बसलेलं नव्हतं. गुडघ्याला हात लावत का होईना, आक्का उभ्या राहिल्या होत्या.

गाणं संपलं. रेवणचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. त्याने वाकून आक्कांच्या पायाला हात लावला.

"आक्का, आता त्या जागेवर काय वाजतं?"

आक्कांनी मुमताजभाभींकडे पाहिलं. त्यांचा तळवा अजून हवेतच होता.

"ह्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाणं अल्बममध्ये अगदी पहिल्या जागी लागून जगभर गेलं.