पायांना कळणारं घर

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक बुरूड राहत होता. बांबू चिरून कामट्या काढायच्या, त्यांची सुपं, टोपल्या, कणग्या विणायच्या आणि बाजारात नेऊन विकायच्या, हा त्याचा पिढीजात धंदा. घरात तो, त्याची बायको आणि त्याचा म्हातारा बाप. बाप एके काळी पंचक्रोशीतला नावाजलेला कारागीर होता, पण म्हातारपणी त्याची दृष्टी गेली.

दृष्टी गेली तरी त्याचं काही अडत नव्हतं. ओढ्याकाठच्या जुन्या झोपडीत त्याचा जन्म गेला होता. माठ कुठे, चूल कुठे, कुठे वाकायचं, सगळं अंगात मुरलेलं. आपला आपण उठायचा, पाणी घ्यायचा, दारात जाऊन येणाऱ्याजाणाऱ्यांची थट्टा करायचा. कुणी हात धरायला आलं की म्हणायचा, "काय रे, मला बोहल्यावर चढवतोस का?"

पण ओढ्याला दर पावसाळ्यात पाणी चढायचं. मागच्या वर्षी ते थेट चुलीपर्यंत आलं. तेव्हा बुरुडाने मनाशी ठरवलं आणि पोटाला चिमटा घेऊन उंचावर नवं घर बांधलं. घर छान ऐसपैस झालं, हवेशीर झालं. मात्र भिंती आणि छपरातच बहुतेक पुंजी संपली. आत एक केरसुणी सोडली तर दुसरी वस्तू नव्हती.

एके दिवशी तो बापाला घर दाखवायला घेऊन आला. म्हातारा दोन्ही हात पुढे करून चालू लागला तो मधल्या खांबावर आपटला. तिथून वळला, दार समजून भिंतीवर गेला. पुन्हा वळला. शेवटी तो जमिनीवर बसला आणि उठेचना.

"काय झालं, आबा?"

"मला घरी ने."

"आता हेच आपलं घर."

"तुझं असेल, लेका. झोपडीत मी माणूस आहे. इथे तू सकाळी ज्या कोपऱ्यात ठेवशील, त्याच कोपऱ्यात संध्याकाळी सापडेन. बोचक्यासारखा. पाणी चढलं तर चढू दे, मी ओढ्यावरच राहतो."

म्हाताऱ्याने एकदा नाही म्हटलं की नाही. इकडे पावसाळा तोंडावर आलेला. बापाला पाण्याच्या तोंडी कसं सोडायचं? बुरुडाला घास गोड लागेना.

आता बुरूड स्वभावाने फार चांगला, पण बहुतेक घरधन्यांसारखीच त्याची एक खोड होती. कुठलंही दुखणं असो, बाजारातून काहीतरी विकत आणलं की ते बरं होतं, असं त्याला वाटे. तो बायकोला म्हणाला, "अगं, घर रिकामं आहे म्हणून आबांना ते आपलं वाटत नाही. पाटलाकडे आहे तसा एक पलंग आणू. आबांना त्यावर राजासारखं बसवू. घरभरणीला गाव येईल, त्यांनाही काही बघायला मिळेल."

दोघं बाजारात गेली. पलंग खरोखरच देखणा होता. उशाला दोन मोर कोरलेले, पायांना लाखेचा तांबडा रंग. शिल्लक होते तेवढे सगळे पैसे त्यात जाणार होते.

"कसा आहे?" बुरुडाने विचारलं.

"सुंदर आहे," बायको मनापासून म्हणाली. "पण मामंजी यावरून उठून जातील कुठे?"

"उठायचं कशाला? आपण आहोत ना हाताशी."

"म्हणजे ते म्हणाले तेच झालं की. फक्त जमिनीवरचं बोचकं पलंगावर आलं."

बुरुडाने पलंगाच्या तांबड्या पायावरून हात फिरवला. बायको हळूच म्हणाली, "परवा शेजारीण नवी चटई घेऊन आली होती. मामंजींनी त्या चटईवर नुसता पाय ठेवला आणि म्हणाले, 'विणणाऱ्याचं लक्ष नव्हतं, दोन खाली दोन वर घेता घेता मध्येच एक कामटी चुकली.' वाकून बघितलं, तर खरंच चुकली होती! अहो, त्यांच्या पायांना वीण कळते. मग आपण घरच विणू या की त्यांच्यासाठी."

"आणि लोकांना काय दाखवू? चटया आणि टोपल्या? बुरुडाच्या घरात बुरुडकाम बघून लोक हसतील गं."

"सोनाराच्या घरात सोनं बघून कुणी हसलंय का कधी?"

पैशांची पिशवी हातात धरून बुरूड मोरांकडे बघत राहिला. त्याला तो पलंग फार आवडला होता, आणि गावात मान मिळावा असं कोणाला वाटत नाही? पण बोचक्यासारखा हा शब्द काही त्याच्या कानातून जाईना. त्याने पिशवी कमरेला खोचली. दोघं घरी परतली ती बांबूंनी भरलेली गाडी घेऊन. मोर दुकानातच राहिले.

मग दोघं कामाला भिडली. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं शहाणे म्हणतात. या बाईने पाय पाहून अंथरूण विणायला घेतलं. दारापासून माठापर्यंत एक खाली एक वर अशी साधी घट्ट वीण. माठापासून परसदारापर्यंत तिरकी वीण. चुलीच्या जवळ जाड, खरखरीत तट्ट्या, म्हणजे पायच सांगेल की पुढे विस्तव आहे. खांबाच्या भोवती बोटभर रुंद कामट्यांचा गोल. म्हाताऱ्याच्या अंथरुणापाशी अगदी बारीक, मऊ कामट्यांची चटई. भिंतीला कमरेच्या उंचीवर आडवे बांबू लावले, हात टेकायला.

पायात काही येऊ नये म्हणून सगळं सामान टोपल्यांत भरून आढ्याला टांगलं. भिंतींवर सुपं लावून त्यांवर गेरू आणि चुन्याने वेली काढल्या. दिव्याला जाळीदार टोपली घातली. पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा भिंतभर उजेडाची नक्षी उमटली आणि बुरूड काम सोडून बघतच बसला. जन्मभर आपण इतक्या सुंदर वस्तू करतो आणि त्या सगळ्या दुसऱ्यांच्या घरी पाठवून देतो, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याला आपल्या बायकोचा अभिमान वाटला, आणि तसं तो तिला बोलूनही दाखवता झाला. अशी बुद्धी सगळ्या नवऱ्यांना होवो.

घरभरणीचा दिवस उजाडला. गाव जमला. पाटलीणबाईसुद्धा आल्या. म्हाताऱ्याला बरीच गळ घालून आणलं होतं, तेही "जेवून लगेच परत सोडायचं" या कबुलीवर. मुलाचा हात धरून, तोंड आंबट करून तो उंबऱ्याशी आला आणि त्याने आत पाऊल टाकलं.

पाऊल तिथेच थबकलं. अंगठा हळूहळू चटईवर फिरला.

"एक खाली, एक वर," तो पुटपुटला. "ही कोणाची वीण? तुझी?"

"माझी, आबा. पुढची तिरकी तुमच्या सुनेची, ती पायाला लागली की माठ आला समजा."

म्हाताऱ्याने मुलाचा हात सोडला. तो एकटाच चालू लागला. खांब जवळ आला तशी सुनेने भीतीने पदर तोंडाशी धरला. पण रुंद कामट्या पायाला लागताच म्हातारा वळसा घालून पुढे गेला. वीण तिरकी झाली तिथे तो थांबला, हात पुढे केला, आणि हाताला थंडगार माठ लागला. त्याने तांब्याभर पाणी घेतलं आणि घटाघटा प्यायलं. तहान पाण्याची नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

तो पाठमोराच उभा राहिला थोडा वेळ. त्याचे खांदे हलत होते. मुलगा पुढे व्हायला निघाला तसं बायकोने त्याला अडवलं. मग म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, तो वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अरे, उभे काय असे सगळे? या, तुम्हाला घर दाखवतो."

आणि तो आंधळा म्हातारा पुढे, अख्खा गाव मागे! "ही चूल. जपून, इथून पुढे जाऊ नका. हे परसदार. हे माझं अंथरूण, यावर कोणी बसायचं नाही." बायका सुपांवरच्या वेलींना हात लावून बघत होत्या. पोरं दिव्याच्या जाळीखाली गर्दी करून उभी होती. कोणालाही पलंग आठवला नाही. बुरुडालाही नाही.

जाता जाता पाटलीणबाई म्हाताऱ्यापाशी थांबल्या. "बाबा, आमच्या सासूबाईंनाही आताशा दिसत नाही. मोठा पलंग केलाय त्यांच्यासाठी, मऊ गादी आहे, हाताखाली गडीमाणसं आहेत. तरी दिवसभर बोलत नाहीत हो कोणाशी. आमच्याकडे विणून द्याल का असं? म्हणाल ती किंमत देईन."

"देऊ की, आनंदाने देऊ," म्हातारा म्हणाला. "फक्त आधी घरी जाऊन त्यांना एक विचारून या."

"काय विचारू?"

"पलंगावरून उठून त्यांना कुठे जावंसं वाटतं."

पाटलीणबाईंनी पदर सावरला. मग पानसुपारीलाही न थांबता त्या भरभर आपल्या घराकडे चालू लागल्या.

तात्पर्य: घर सजवताना ते बघायला कोण येणार हे नंतर विचारावं, त्यात राहणार कोण आणि त्याला काय हवं, हे आधी विचारावं. त्या विचारण्याला पैसे पडत नाहीत.