महाराजांचे सासरे, दोन सराया आणि ढवळ्या बैल

महाराजांचे सासरे येणार होते आणि राजवाड्यात उतरणार नव्हते. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा त्यांचा नेम. म्हणजे उतरायचं सराईत. आमच्या शहरात सराया दोन, थोरली आणि धाकटी. चौकात समोरासमोर, आणि दोन्ही इतक्या जुन्या, की आधी कुठली बांधली यावरून चार पिढ्या भांडण चालू होतं.

मी तेव्हा महाराजांना चवरी ढाळायचो. डोक्याला काम नाही, म्हणूनच ती चाकरी मला मिळाली होती. तरी महाराज माझ्यावरच घसरले.

"हैबत्या, संध्याकाळपर्यंत यातली चांगली सराई निवड. हरलेला सराईवाला माझ्या दारात रडत आला, तर उद्यापासून तू हत्तीखान्यात लीद काढायची."

थोरल्या सराईत गेलो. मालक नरहरपंतांनी अनारसे वाढले. थोरली उत्तम! धाकटीत गेलो. तिथल्या केरोबानं खरवस पुढं केला. धाकटी उत्तम! गाद्या, हौद, चुली बघायचं राहूनच गेलं. दुपारी पोट धरून चौकात बसलो.

मिठाच्या गोण्यांचे बैल हाकत झमकू लमाणीण आली. "काय दादा, पोट दुखतंय का डोकं?"

"डोकं असतं तर पोट कशाला दुखलं असतं, बाई?"

सगळं ऐकून ती म्हणाली, "हा माझा ढवळ्या बारा वर्षं दोन्हीकडं मुक्काम करतोय. त्यालाच विचारू. महाराजांना घेऊन ये."

महाराज आले. नरहरपंतांनाही कुणकुण लागली होती. कुणाकडून ते विचारू नका. अनारसे फार खुसखुशीत होते. पंतांनी दारात सरकीची पाटीच भरून ठेवली. केरोबाला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

झमकूनं गोण्या उतरवल्या आणि ढवळ्याचा कासरा सोडला. ढवळ्या थेट थोरल्या सराईकडं! पाटी चाटूनपुसून साफ केली.

"लागला निकाल," पंत हात जोडून म्हणाले.

तोच ढवळ्यानं शेपटी उडवली, चौक ओलांडला, धाकट्या सराईत शिरला आणि गोठ्यात बसून रवंथ करू लागला.

"हे चालायचं नाही, महाराज," पंत ओरडले. "माझी सरकी खाऊन तिकडं गेला. असल्या जनावराचा काय भरवसा?"

महाराजांनी भुवया चढवल्या. "बोल बाई, काय भरवसा?"

"महाराज, धाकटीत बैलाखालीसुद्धा रोज कोरडं गवत पडतं, ते त्याच्या अंगाला ठाऊक आहे. आणि भरवशाचंच म्हणाल," झमकूनं माझ्या मिशीला चिकटलेल्या अनारशाकडं बघितलं, "तर ज्याचं खाल्लं त्याच्या तोंडावर खरं सांगणारा तुमच्या पदरी दुसरा कोण आहे?"

महाराज असे हसले, की पगडी पंतांच्या रिकाम्या पाटीत पडली. "पंत, तक्रार असेल तर गोठ्यात जाऊन करा!"

सासरे धाकट्या सराईत उतरले आणि आठ दिवस हलले नाहीत. झमकूला पैठणी मिळाली, पायात चांदीचे वाळे आले. ढवळ्याला दरबारी झूल, आणि पाहुण्यांची सराई निवडायचा कायमचा मान.

माझी लीद टळली. चवरीही माझ्याच हाती राहिली. माश्या तेवढ्या ढवळ्याच्या वारायच्या होत्या.