डावखुऱ्या गोलंदाजाचं कार्ड

एकदा एक मध्यमवयीन गृहस्थ आपल्या शाळेतल्या गुरुजींचं घर विचारत तालुक्याच्या गावी आला. त्याचं नाव श्रीरंग. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे होते आणि काखेत जाडजूड आल्बम होता. काम काय विचाराल तर हसाल. त्याला एक कार्ड हवं होतं.

त्याच्या लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची कार्डं निघत. पोरं गम कुणालाही देऊन टाकत, पण कार्डं जिवापाड जपत. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना त्यातला आनंद सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी पाहिलेत त्यांचा हात आत्ताच खिशाकडे गेला असेल. श्रीरंगची कार्डं त्याच्या आईने कधीच रद्दीत घातली होती. चाळिशी उलटल्यावर मात्र त्यांच्या आठवणीने तो बेचैन झाला. इंटरनेट पालथं घालून, कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांकडून विकत घेऊन त्याने अख्खा संच पुन्हा उभा केला. फक्त एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचं कार्ड कुठे मिळेना. ते शेवटचं कुठे होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गुरुजींनी ते वर्गात जप्त केलं होतं.

गुरुजी शाळेत खेळ शिकवत. आता गुडघे थकले होते, नजर मात्र तीच होती. त्यांनी आल्बम सावकाश चाळला. प्रत्येक कार्डाला श्रीरंगने लॅमिनेशन करून घेतलं होतं. आता याला पाणी लागो की वाळवी, काही होणार नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं. गुरुजी उठून आत गेले. आतून त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. त्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांकडून काढून घेतलेल्या गोट्या, भोवरे, गलोली होत्या, आणि तळाशी ते कार्ड होतं. श्रीरंगने हात पुढे केला. गुरुजींनी झाकण लावलं.

“हे मी दोघांकडून घेतलं होतं,” ते म्हणाले. “तुमचा डाव अर्धा राहिला होता. आधी तो पुरा करा. जो जिंकेल त्याने घेऊन जावं.”

श्रीरंगचा चेहरा उतरला, कारण तो दुसरा म्हणजे अल्ताफ बागवान. एकेकाळी दोघे एका डब्यात जेवत. खेळ साधा होता. फरशीवर कार्ड पालथं ठेवायचं, शेजारी तळव्याची थाप मारायची, आणि वाऱ्याने ते उलटून उताणं झालं की आपलं. त्या दिवशी अल्ताफच्या थापेने कार्ड उलटलं खरं, पण श्रीरंगच्या पायाला अडून तिरकं उभं राहिलं. अल्ताफ म्हणाला माझं, श्रीरंग म्हणाला पुरतं पडलेलं नाही. शब्दाने शब्द वाढला आणि श्रीरंग सगळ्या वर्गासमोर त्याला चोर म्हणाला. गुरुजींनी कार्ड उचललं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

या वयात फरशीवर थापा मारायच्या, आणि त्याही त्याच्यासमोर? श्रीरंगला हा सगळा पोरखेळ वाटला. पण तो हट्टी होता. आल्बममधली ती एक रिकामी जागा त्याला खुपत होती. त्याने सुट्टी वाढवली आणि तडक अल्ताफचं फळांचं दुकान गाठलं.

अल्ताफने त्याला ओळखलं, पण लगेच दाखवलं नाही. आधी एका गिऱ्हाइकाची पपई तोलली. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “खेळू की. पण तुला येतंय का अजून?”

दुकानामागच्या फरशीवर श्रीरंगने आल्बममधलं एक कार्ड पालथं ठेवलं आणि थाप मारली. प्लास्टिक चढवलेलं कार्ड फरशीला चिकटून नुसतं घसरलं. पुन्हा मारली, पुन्हा घसरलं. तळहात लाल झाला तरी कार्ड काही उलटेना. अल्ताफला हसू आवरेना. त्याने सफरचंदाच्या खोक्याचा पुठ्ठा कात्रीने कापला, तेवढाच तुकडा खाली ठेवला आणि ओंजळीसारखा हात वळवून थाप दिली. तुकडा टुणकन उलटला.

श्रीरंग चिडला, पण हटला नाही. लॉजवर जाऊन त्याने एका कार्डाचं प्लास्टिक सोलून पाहिलं, तर प्लास्टिकबरोबर फलंदाजाचं तोंडच निघून आलं. तेव्हा त्याला मनापासून वाईट वाटलं. मग त्याने पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन सराव सुरू केला. रोज दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असताना तो अल्ताफपुढे बसे. पहिले काही दिवस दोघे खेळापुरतं बोलले. मग अल्ताफ त्याचा हात धरून तो कसा वळवायचा ते दाखवू लागला. पुढे चहा आला, एकमेकांच्या आईवडिलांची चौकशी झाली, अल्ताफचे वडील गेल्याचं श्रीरंगला तेव्हा कळलं. आपण आलो नाही, असं तो खाली मान घालून म्हणाला. अल्ताफने नुसता पुढचा तुकडा मांडला.

शेवटी दोघे गुरुजींच्या ओसरीवर मांडी घालून बसले. गुरुजींनी डब्यातून ते कार्ड काढून स्वतःच्या हाताने पालथं ठेवलं. अल्ताफची थाप चुकली. श्रीरंगने श्वास रोखून हात वळवला, थाप दिली, आणि कार्ड हवेत उठून सपशेल उताणं पडलं.

“उताणं आहे. तुझं,” अल्ताफ लगेच म्हणाला.

एवढंच म्हणायचं होतं, आणि ते आपल्याला त्या दिवशी जमलं नव्हतं, हे श्रीरंगच्या ध्यानात आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुजी म्हणाले, “बाबा रे, मी पोरांकडून वस्तू काढून घ्यायचो, तेव्हा ती रडायची. मला वाटायचं, वस्तूसाठी रडतात. पुष्कळ वर्षांनी समजलं, ती खेळ मोडला म्हणून रडायची. तुला बालपण परत हवं होतं आणि तू त्याच्यावर प्लास्टिक चढवलंस. कार्ड उलटायचं तर खालून हवा शिरावी लागते. जिथे हवाच जाऊ द्यायची नाही, तिथे काही हलणार कसं? आता हे कार्ड तुझं आहे. न्यायचं तर ने.”

श्रीरंगने कार्ड उचललं. त्याचा एक कोपरा दुमडला होता, आणि डावखुरा गोलंदाज अजून चेंडू टाकण्याच्या पवित्र्यात होता. त्याने ते बराच वेळ पाहिलं. मग फरशीवर पुन्हा पालथं ठेवलं आणि पाय आखडून नीट मागे घेतला.

“तुझी पाळी, अल्ताफ,” तो म्हणाला. “तो डाव तूच जिंकला होतास. हा नवा.”

आल्बममधली ती जागा अजून रिकामी आहे, आणि श्रीरंग आता ती भरायला कबूल नाही. गेलेल्या दिवसांची फार आठवण येत असेल, तर आधी कपाट उघडू नये. त्या दिवसांतलं जे माणूस अजून हाकेच्या अंतरावर आहे, त्याचं दार वाजवावं.