सायलस ओताऱ्याची तोफ

आधी पाय पांघरुणात घ्या बघू. सगळ्यांनी. हां, आता सांगते.

खूप खूप लांब, मोठा समुद्र ओलांडला की अमेरिका लागते. तिथे समुद्राकाठी हॅडॉकपोर्ट नावाचं एक छोटं गाव होतं. त्या गावात राहायचा एक ओतारी. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारागीर, बरं का. त्याचं नाव सायलस.

सायलसच्या भुवया भट्टीच्या धगीने कधीच्याच जळून गेल्या होत्या. त्यामुळे तो सदा चकित झाल्यासारखा दिसायचा. कुणी नुसतं "भाजी आणलीस का?" विचारलं, तरी वाटायचं, याला केवढा धक्का बसला! त्याची बायको टॅबिथा दर रविवारी चर्चला जाताना कोळशाने त्याच्या भुवया काढून द्यायची. एक वर, एक खाली. पण काढायची.

या सायलसने गावासाठी एक घंटा ओतली होती. मोठी, गोड आवाजाची. ती वाजली की माणसं हातातलं काम टाकून सभाघरात जमायची आणि गावाचं काय ते मिळून ठरवायची.

पण त्या मुलखावर राज्य होतं समुद्रापारच्या राजाचं. राजाने या लोकांना कधी पाहिलं नव्हतं. नुसते तिकडून हुकूम पाठवायचा. आज चहावर कर, उद्या कागदावर कर. लोक सभाघरात जमायचे आणि म्हणायचे, "आम्हाला न विचारता कसं काय?" मग राजाला आला राग. त्याने जहाजभर शिपाई पाठवले आणि त्यांच्यावर कॅप्टन ग्रेंजर नावाचा एक माणूस. कॅप्टनने चौकात उभं राहून सांगितलं, "आजपासून सभा बंद!"

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. सगळं गाव जमलं.

मग कॅप्टनने घंटाच उतरवली. बैलगाडीत घालून ती सायलसच्या भट्टीसमोर आणून टाकली आणि म्हणाला, "ओताऱ्या, हिची तोफ कर. ती मी तुमच्या सभाघरासमोर लावणार आहे. नाही केलीस, तर आधी तुझं घर जाळीन, मग शेजाऱ्यांची."

सायलस काय करणार? त्याने मान खाली घातली आणि भट्टी पेटवली.

झालं! गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. पाववाला त्याला पाव देईना. रस्त्यातून जाताना लोक तोंड फिरवायचे. सायलसला फार लागलं ते. पण त्याहून मोठा घोर वेगळाच होता. ऐका हं नीट. घंटेत कथील जास्त असतं, म्हणून ती छान वाजते, पण असते ठिसूळ. तोफेला तांबं जास्त लागतं. तांबं कमी पडलं, तर तोफ उडवताना फुटते आणि उडवणारा मरतो. कॅप्टनला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

सायलस टॅबिथाला म्हणाला, "ठिसूळच ठेवली तर? फुटेल आणि सुटू आपण."

"फुटली तर मरेल कोण? कॅप्टन?"

तोफ उडवणार होता सार्जंट पिम. गोल पोटाचा, पायाला कुरूप झालेला म्हातारा गोलंदाज. तो रोज भट्टीजवळ बसून पाय शेकायचा आणि सायलसला आपल्या तीन मुलींच्या गोष्टी सांगायचा. धाकटी म्हणे अजून पत्रात स्वतःचं नाव उलटं लिहिते.

"चांगली तोफ केली तर गाव मरतं," सायलस म्हणाला. "वाईट केली तर पिम. मी काय करू गं?"

"मला नाही ठाऊक," टॅबिथा म्हणाली. "पण तू कुणाला मारण्यासाठी काही ओतलेलं मी कधी पाहिलं नाही."

मग सायलसने ठरवलं, तोफ फुटू द्यायची नाही. त्याने तांबं मागितलं. शिपाई घरोघर गेले. खानावळवाल्या डॉर्कसचा मोठा हंडा आणला. त्याच्यावर पळी आपटून ती सगळ्यांना जेवायला बोलवायची. डॉर्कस हंड्यामागे चालत भट्टीपर्यंत आली आणि सायलसच्या पायाशी थुंकली. मग मर्सी नावाच्या पोरसवदा आईकडून तिच्या बाळाचा तांब्याचा खुळखुळा आणला. मर्सी नुसती रडली.

सायलसने सगळं धातू वितळवायच्या मुशीत घातलं. घंटा, हंडा, खुळखुळा. सगळं वितळून एक झालं, उगवत्या सूर्यासारखं लाललाल. सायलस त्याच्यावर वाकला आणि हळूच म्हणाला, "बाबांनो, मला माफ करा. आकार मी तुम्हाला तोफेचा देतोय. पण तुम्ही मनाने जे होता, तेच राहा." आणि ओतलं साच्यात.

तोफ झाली. चकचकीत, देखणी. कॅप्टनने ती सभाघरासमोर लावली. आत सगळं गाव बसलं होतं, दार लावून. टॅबिथा पण आतच होती.

"बाहेर या, नाहीतर उडवतो!" कॅप्टन ओरडला.

कुणी बाहेर आलं नाही.

सायलस तोफेजवळच उभा होता. तोफेने त्याचं ऐकलं की नाही, हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं? पण तो चालत गेला आणि तोफेच्या तोंडासमोर उभा राहिला. म्हणाला, "माझ्या हातची आहे. पहिला गोळा मलाच."

पिमने हातातला पेटता काकडा मागे घेतला. "साहेब, माणूस समोर आहे."

"उडव म्हणतो ना!"

पिमने डोळे मिटले आणि बत्ती दिली.

टण्ण्ण्ण!

अरे, धडाम नाहीच! तोफ घंटेसारखी वाजली! गोळा तोंडातून टपकन खाली पडला आणि घरंगळत सायलसच्या बुटाला येऊन टेकला. आणि तो आवाज गेला की हो डोंगरापलीकडे! शेतातली माणसं, होडीतली माणसं, अकरा गावची माणसं म्हणाली, "हॅडॉकपोर्टची घंटा! चला, बोलावणं आलं." आणि निघाली.

कॅप्टन लालबुंद झाला. "दारू दुप्पट भरा!"

पिमने पुन्हा बत्ती दिली. ठण ठण ठण! हुबेहूब डॉर्कसचा हंडा. आणि काय सांगू, तोफेच्या तोंडातून बारुदाचा नाही, माशाच्या आमटीचा वास आला! शिपाई बिचारे चार महिने किडकी बिस्किटं खात होते. त्यांच्या तोंडाला असं पाणी सुटलं, की बंदुका खाली ठेवून ते नाक वर करून हुंगायला लागले.

"तिसऱ्यांदा!" कॅप्टन किंचाळला. आता पिम जागचा हलेना, तेव्हा कॅप्टनने स्वतःच बत्ती दिली.

खुळ खुळ, खुळ खुळ.

इतका बारीक आवाज. पण प्रत्येक शिपायाला आपलं घर आठवलं. कुणाला आई, कुणाला पाळण्यातली बहीण. सार्जंट पिम मटकन जमिनीवर बसला आणि म्हणाला, "साहेब, मी चाललो माझ्या मुलींकडे." सगळे शिपाई म्हणाले, "आम्ही पण."

तेवढ्यात अकरा गावची माणसं येऊन पोचली. कॅप्टनने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, टोपी काखेत मारली आणि थेट जहाज गाठलं. त्याला कुणी अडवलंसुद्धा नाही.

सभाघराचं दार उघडलं. सगळ्यांच्या पुढे डॉर्कस. सायलसकडे येऊन ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुझ्या पायाशी थुंकले."

"काय?" सायलस म्हणाला. तोफेसमोर उभं राहून त्याला ठार बहिरेपण आलं होतं!

"थुंकले म्हणते!" ती ओरडली. "चुकलं माझं!"

"जेवायला? हो हो, येतो की," सायलस म्हणाला.

सगळं गाव हसलं. डॉर्कस तर डोळे पुसत हसली. आणि तिने खरंच सगळ्यांना जेवायला घातलं, शिपायांनासुद्धा. मर्सीच्या बाळाला सायलसने दुसऱ्याच दिवशी नवा खुळखुळा करून दिला, पहिल्यापेक्षा मोठा. पिम पुढच्या जहाजाने आपल्या घरी गेला.

पुढे बरीच वर्षं लढाई चालली आणि शेवटी त्या राजाचं राज्य तिथून गेलं. लोक आपला कारभार आपणच बघायला लागले. सायलसचे कान आठ दिवसांत उघडले. तो आणि टॅबिथा खूप म्हातारे होईपर्यंत आनंदात राहिले, रोज थोडं भांडून आणि पुष्कळ हसून.

असा त्यांचा जीव निवांत झाला. आता तुमचाही होऊ दे. कुशीवर वळा, डोळे मिटा. मी बसलेय इथेच.