कोंडाआत्याचा विस्तव

ऐका ना, फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की आमच्या शेलमाळात अजून काडेपेटीसुद्धा पोचली नव्हती! सगळ्या गावाचा विस्तव एकीकडंच असायचा, कोंडाआत्याकडं. नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेली, एका पायानं लंगडी, आणि तोंडानं भयंकर फटकळ. रोज दिवेलागणीला ती पारावर चढायची नि घरांकडं बघायची. कुठून धूर दिसला नाही, की खापरात निखारे घेऊन निघालीच. "काय गं गोदे, उपाशी निजायचंय का?" गावातली एकही चूल ती गार राहू द्यायची नाही, असं म्हणतात.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. एकेक घर कडी लावून जगायला बाहेर पडलं. जाताना जो तो म्हणायचा, "आत्या, घराकडं बघा हं." असं करत करत गावात उरली एकटी आत्या.

आणि एक दिवस खालच्या गावचा कोतवाल धापा टाकत आला.

"आत्या, घात झाला! सरकारचा कारकून उद्या सांजच्याला खिंडीत येतोय. खाली पाणी नाही, म्हणून तट्टू उतरवणार नाही, वरूनच बघणार. चुली पेटलेल्या दिसल्या नाहीत, की गाव बेचिराख, ओसाड म्हणून लिहिणार. जमिनी दुसऱ्याला!"

"आणि माझी माणसं परत आली म्हंजे?"

"कुठं येणार? गावच नसणार."

"माझी चूल पेटते की रे!"

"एका चुलीचं गाव कुठं असतंय, आत्या?"

झालं! आत्या जी उठली ती बसलीच नाही. दुसऱ्या दिवशी दारोदार काटक्या नि गोवऱ्या रचत फिरली. कमी पडल्या तशी स्वतःची बाज मोडली, शेवटी हातातली काठीसुद्धा! ऊन कललं नि खापर घेऊन बाई पळत सुटली. लंगडी बाई, हां! एक चूल पेटवावी तर दुसरी विझायची, की परत मागं. आणि नुसती पळत नव्हती, रिकाम्या घरांवर ओरडत होती. "गोदे, भाकरी करपली बघ! अरे महादू, जेवायला ये, किती हाका मारायच्या!"

आणि असं म्हणतात, की घरांमधून ओ आली. भांडी वाजली, पोरं रडली, महादू "आलो, आलो" म्हणाला. आत्या एकाच वेळी सगळ्या चुलींपुढं दिसली, असंही म्हणतात. वर कारकून कोतवालावर खेकसला, "हे गाव ओसाड? अरे, केवढा कालवा चाललाय!" नि त्यानं तट्टू वळवलं.

पुढच्या साली पाणी झालं. लोक परतले, बघतात तर काय, घरोघरच्या चुली अजून ऊन! गार होती ती फक्त आत्याची. सगळा विस्तव वाटून टाकला होता ना बाईनं. आत्या कुठंच सापडली नाही. खापर तेवढं पारावर होतं.

आता ग्रामपंचायतीच्या फळ्यावरचा लोकसंख्येचा आकडा दर खेपेला खोडून कमीच करतात. निम्म्या घरांना कुलपं, माणसं पुण्याला नाहीतर सुरतेला. पण वैशाखातल्या अमावास्येला सांजच्याला जी माणसं गावात असतात, ती आधी आत्याच्या चुलीत निखारा ठेवतात, मग तिथूनच खापर भरून बंद घरं उघडत, चुली पेटवत पळतात. चालायचं नाही, पळायचंच! आणि प्रत्येक दारात फोन लावून, वर धरून त्या घरच्या माणसाला हाक मारतात, "जेवायला ये रे, किती हाका मारायच्या!"

तेव्हा कुठंही असा, ऑफिसात असा नाहीतर भर रस्त्यात, "आलो, आलो" म्हणावंच लागतं. नाही म्हटलं, तर त्या घराचा धूर वर चढत नाही, असं म्हणतात.