भाजलेल्या धण्यांचा वाफा

अच्युतनाथ महाराज तेव्हा सायवाडीत, ओढ्याकाठच्या मठीत राहत. ज्या घरी भिक्षेला जात, तिथे परसात पिकलेले काहीतरी पानात असल्याशिवाय घास घेत नसत. विधवा सुभद्राबाईचे परस म्हणजे न्हाणीमागची हातभर जागा. तरी पावसाळ्यात गवती चहा, उन्हाळ्यात पुदिना देऊन तिने आजवर नेम राखला होता. यंदा थंडीने दोन्ही करपले. पौषी पौर्णिमेला महाराज येणार म्हणून तिने मार्गशीर्ष लागताच धणे पेरले.

बारा दिवस झाले, माती तशीच! शेजारचे केशवनाना कुंपणाशी आले. त्यांच्या बागेचा गावात दबदबा होता. त्यांनी एक दाणा उकरून चोळला, हुंगला आणि खो खो हसले.

"अहो वहिनी, हे भाजलेले आहेत! मसाल्याचं मडकं पेरलंत?"

मडक्यांची अदलाबदल झाली होती, हे सुभद्राबाईच्या लक्षात आले. म्हणजे बियाण्याचे धणे तिने कुटून टाकले होते!

"नाना, मूठभर बी द्या हो."

"माझ्याकडे कशाला मागता? तुमच्या महाराजांना सांगा उगवायला!"

ती रडतच मठीत गेली. "महाराज, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुमचं पान तसंच राहील."

महाराज म्हणाले, "पाणी घालतेस ना?"

"घालते."

"मग घालत राहा."

एवढेच! तिचा जीव आणखीच टांगणीला लागला. उजाडताच ती वाफ्याशी बसे, बोटाने ढेकूळ हलवी, पुन्हा घाबरून झाकी. कुंपणापलीकडून आवाज येई, "काय वहिनी, खमंग वास सुटला का?"

विसाव्या दिवशी मातीला बारीक भेग गेली. संध्याकाळपर्यंत वाफाभर हिरवे कोंब! नाना तावातावाने आले. "कुणी दिलं बी?" त्यांनी एक रोप उपटले. पानाच्या टोकाला टरफल चिकटले होते, काळपट, भाजलेले. त्यांनी ते नाकाशी नेले आणि त्यांचा चेहराच उतरला.

पौर्णिमेला महाराजांच्या पानात कोथिंबिरीची चटणी पडली. ते पहिला घास घेणार तोच नाना आत आले आणि त्यांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मूठभर दाणे द्यायला माझा हात उचलला गेला नाही. क्षमा करा."

महाराज म्हणाले, "बाबा रे, मागितलं कुणी होतं?"

नाना वळले आणि सुभद्राबाईपुढे वाकले. ती गडबडून मागे सरली.

"नाना, उठा हो! माझे पाय चिखलाने भरलेत."

नानांनी डोके तिथेच टेकले.