सोमवारी शाळा उघडणार होती

“...आणि यमुना आत्याचं खरं नाव छापलं, तर चालेल ना, माय?”

पूर्णेकाठच्या त्या लहानशा मठात सगळे चांगुणाबाईंना माय म्हणत. वय ऐंशीच्या घरात. विचारणारी इंदुमती निंभोरकर, अमरावतीच्या कॉलेजातून निवृत्त झालेली प्राध्यापिका. बारा वर्षं मायकडे येत होती. आज आपल्या घराण्यातल्या बायकांवर लिहिलेली कादंबरीच्या हस्तलिखिताची फाइल मांडीवर घेऊन बसली होती.

माय गवारीच्या शेंगा मोडत होत्या.

“काय लिहिलंस यमुनेचं?”

“सगळं लिहिलं. भ्यायले नाही. सतराव्या वर्षी विधवा झाली, दिवस गेले, आजोबांनी हाकलून दिलं. दहा दिवसांच्या बाळंतिणीला दार उघडलं नाही. तिनं विहीर जवळ केली.”

“आणि तुझ्या आईचं?”

इंदुमतीचा चेहरा उजळला. “तिचं तर मोठं प्रकरण आहे. घरातली पहिली मॅट्रिक सून. तिनं ओसरीवर मुलींची शाळा काढली. त्या घरात एकच माणूस होतं, माय. माझी आई!”

मायचे हात थांबले.

“यमुना भर दुपारी आली होती. तुझे आजोबा शेतावर होते.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी तिची मैत्रीण. तिच्या शेजारीच उभी होते.”

इंदुमती हसली. मग हसू विरलं.

“मग... दार?”

“घरात तुझी आई एकटी होती.”

“खोटं आहे.”

माय पुन्हा शेंगा मोडू लागल्या.

“काय म्हणाली ती?” इंदुमतीनं विचारलं.

“दाराआडून बोलली. ‘वन्सं, पाया पडते, परत जा. सोमवारी शाळा उघडायची आहे. चाळीस मुलींच्या बापांनी कसाबसा होकार दिलाय. तुम्ही आत आलात, तर एकही मुलगी येणार नाही.’ असं म्हणाली. रडत होती. पण कडी काढली नाही.”

“आणि आत्या?”

“तिनं वाद घातला नाही. उन्हं कलेपर्यंत पायरीवर बसली. मग बाळ माझ्याकडे दिलं. पाणी पिऊन येते म्हणाली...”

इंदुमतीनं तोंडावर हात दाबून धरला. चुलीपाशी कुणीतरी भांडं ठेवलं, त्या आवाजानंही ती दचकली.

“शाळा सोमवारी उघडली?”

“उघडली. चाळीसच्या चाळीस आल्या.”

“बाळ?”

“मुलगी होती. माझ्या मावशीनं वाढवली. सहा वर्षांची झाल्यावर मी तिला त्याच शाळेत घेऊन गेले. तुझ्या आईनं तिचं नाव विचारलं. बापाचं विचारलं नाही. हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. पुढं सातवीपर्यंत ती तिथंच बसली.”

“आईनं ओळखलं होतं?”

“यमुनेचेच डोळे होते पोरीचे.”

“आणि आई मला... पन्नास वर्षं एक शब्द नाही! तुम्हीसुद्धा! बारा वर्षं मी तुमच्यासमोर तिचे गोडवे गातेय, तुम्ही ऐकून घेतलंत!”

“तू सांगत होतीस, पोरी. विचारलं आज पहिल्यांदा.”

त्याच शाळेत इंदुमतीही शिकली होती. त्याच ओसरीवर, आईच्याच हाताखाली. मांडीवरच्या फाइलकडे ती अशी पाहू लागली, जणू ती फाइल दुसऱ्याच कुणाची होती.

“चाळीस मुली एका बाजूला, एक बाळंतीण दुसऱ्या बाजूला... मी काय लिहू, माय? तिला काय म्हणू?”

मायनी मोडलेल्या शेंगा गोळा केल्या.

“बोला ना!”

इंदुमतीनं फाइलची दोरी सोडली. आईचं प्रकरण शोधलं. चांगली साठ-सत्तर पानं होती. ती एकगठ्ठा बाहेर ओढली आणि दोन्ही हातांत धरून फाडायला घेतली.

मायनी तिचं मनगट पकडलं. म्हाताऱ्या बोटांत एवढं बळ असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

“आणखी एकीला घराबाहेर काढतेस?”